ट्रंकेतलं काडतूस १८५७ चं नाही, पण त्याची गोष्ट तिथूनच सुरू होते

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दापोलीच्या जुन्या घराची आवराआवर करताना पणजोबांच्या ट्रंकेत एक काडतूस सापडलं. बुडाला गंजलेली लोखंडी चकती, अंगावर सुरकुत्या पडलेला पातळ पितळी पत्रा, वर बाटलीसारखी निमुळती मान आणि तोंडाशी कागदात लपेटलेली शिशाची गोळी. पणजोबा मुंबई इलाख्याच्या पलटणीत होते. घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात की हे '५७ चं चरबीचं काडतूस. ते खरं आहे का?

माझी सगळी नोकरी लहान शस्त्रांच्या काडतुसांच्या तपासणीत गेली, त्यामुळे पहिलं वाक्य सवयीने तेच येणार: त्याला हात लावू नका. काळी दारू सव्वाशे वर्षांनीही जिवंत असते. ओलीचिंब होऊन परत वाळली तरी पेट घेते. बुडातल्या टोपीत (ठोका बसला की ठिणगी देणारी छोटी वाटी) पाऱ्याचा मसाला आहे आणि म्हातारा झाला म्हणून तो शहाणा होत नाही. घासूनपुसून चकचकीत करणं, गोळी उपटून बघणं, पोरांना खेळायला देणं, यातलं काहीही नको. जिवंत काडतूस विनापरवाना घरात ठेवता येत नाही, तेव्हा पोलीस ठाण्याला कळवायचंच आहे.

आता मूळ प्रश्न. नाही, ते १८५७ चं नाही. त्या वर्षी ज्यावरून वणवा पेटला ते एन्फिल्डचं काडतूस निव्वळ कागदाचं होतं. त्यात धातू म्हणाल तर फक्त शिशाची गोळी. शिपायाने कागदाचं टोक दातांनी फाडायचं, दारू नळीत ओतायची, मग वंगण लावलेल्या कागदासकट गोळी गजाने ठासायची. आपल्या कोकणातली ठासणीची बंदूक ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे समजावून सांगायला नको. तुमच्या काडतुसाला पितळी अंग आहे आणि बुडातच टोपी आहे, म्हणजे ते मागून भरायच्या बंदुकीचं आहे. दात लावायचा प्रश्नच येत नाही.

तुम्ही केलेल्या वर्णनावरून ते ५७७/४५० मार्टिनी-हेन्रीचं काडतूस आहे, आणि तेही पहिल्या, गुंडाळलेल्या पत्र्याच्या प्रकारचं. मला विचाराल तर काळ्या दारूच्या सगळ्या लष्करी काडतुसांत याच्याइतकं बदनाम दुसरं नाही. गंमत अशी की बदनामी बंदुकीच्या वाट्याला आली आणि दोष होता या पत्र्याच्या सुरळीचा. ती सुरळी कशी आली ते बघू.

१८६० च्या दशकात युरोपातल्या प्रत्येक फौजेला मागून भरायची बंदूक हवी होती. इंग्रजांकडे ठासणीच्या एन्फिल्डचे ढीग पडले होते. अमेरिकेतल्या जेकब स्नायडरने नळीचं मागचं टोक कापून तिथे बिजागरीची ठोकळी बसवायची युक्ती दिली, आणि १८६६ पासून जुन्या एन्फिल्डच्या स्नायडर होऊ लागल्या. (स्नायडर बिचारा त्याच वर्षी कर्जात मेला.) पण नळीचं मागचं तोंड उघडलं की तिथून वायू सुटतो आणि नेमबाजाच्या तोंडावर येतो. ते तोंड बंद करायचं काम आता काडतुसावर आलं.

ते काम वुलिचच्या रॉयल लॅबोरेटरीचा प्रमुख कर्नल एडवर्ड बॉक्सर याने केलं. त्याने साधारण एक दशांश मिलिमीटर जाडीचा पितळी पत्रा घेतला आणि विडी वळावी तसा त्याचा वेटोळा केला. आतून कागदाचं अस्तर दिलं, बुडाला पितळी वाटी आणि तिच्याखाली लोखंडी चकती बसवली, मधोमध टोपीचं घर. बार उडाला की दाबाने सुरळी किंचित उलगडते आणि नळीच्या कोठीला, म्हणजे काडतूस बसतं त्या मागच्या भागाला, आतून चिकटून बसते, वायूला वाट राहत नाही. दाब ओसरला की ती आपोआप सैल होते आणि बूड धरून बाहेर ओढता येते. कल्पना सुंदर होती. पत्रा स्वस्त, वजन कमी, आणि करायला जड यंत्रं लागत नाहीत. साचे, सुरळ्या आणि चपळ हात असले की झालं.

स्नायडरमध्ये ते बरं चाललं. काडतूस आखूड, सरळ आणि जाडजूड होतं, दाब बेताचा होता. तेव्हा पुढच्या बंदुकीलाही तीच सुरळी द्यायची असं ठरलं, आणि घोळ तिथे झाला.

पुढची बंदूक म्हणजे मार्टिनी-हेन्री, १८७१ ला मंजूर झालेली. नावात दोन माणसं आहेत. फ्रीडरिश फॉन मार्टिनी स्वित्झर्लंडमध्ये काम करणारा. खाली पडणाऱ्या ठोकळीची यंत्रणा त्याची, आणि तिचं मूळ बॉस्टनच्या हेन्री पीबॉडीकडे जातं. नळी एडिंबरोच्या अलेक्झांडर हेन्रीची: आत सात खाचा, दर २२ इंचांत एक पीळ. व्यास ०.४५ इंच, म्हणजे स्नायडरच्या ०.५७७ पेक्षा बराच बारीक. बारीक आणि लांब गोळी हवेत वेग टिकवते, दूर जाते, हे तोवर सगळ्यांना कळून चुकलं होतं.

गोळी ४८० ग्रेनची, म्हणजे ३१ ग्रॅम; बारा भाग शिसं आणि एक भाग कथील. शिसं खाचांना चिकटू नये म्हणून तिला कागदाचं वेष्टण. मागे ८५ ग्रेन, साडेपाच ग्रॅम, काळी दारू. एवढी दारू ०.४५ च्या सरळ नळकांड्यात भरायची तर काडतूस पेन्सिलीसारखं लांबुडकं होतं. सुरुवातीला तसंच केलं होतं. ते वाकायचं, आणि त्याला पुरेल अशी बंदुकीची यंत्रणाही लांब करावी लागली असती. मग तोडगा निघाला: बूड स्नायडरच्या जाडीचं ठेवा आणि पुढे मान आवळून ०.४५ करा. बाटलीचा आकार आला, लांबी घटली. ५७७/४५० हे विचित्र नाव तिथूनच आलं: बूड ५७७ चं, तोंड ४५० चं.

आता एक प्रयोग करा. वहीच्या कागदाची सुरळी करा आणि तिचं वरचं टोक मुठीत आवळून अर्ध्या जाडीचं करा. चुण्या पडतील. पत्र्याचंही तसंच होतं. तुम्ही लिहिलेल्या सुरकुत्या जुनेपणाच्या नाहीत, काडतूस नवंकोरं असतानाही मानेपाशी त्या होत्या. संग्रहालयाच्या एका कामात मला असा एक निकामी केलेला नमुना तासभर भिंगाखाली बघता आला. पत्र्याच्या कडेची रेघ खांद्यापाशी येऊन नागमोडी झालेली, आणि आतल्या कागदावर सोऱ्याचे पांढुरके डाग. गोळीच्या मागे पुठ्ठ्याच्या चकत्या आणि मधाच्या मेणाची वडी. ती प्रत्येक बारामागे नळीतली काजळी मऊ ठेवायला. मेणाचा रंग अजून पिवळा होता. इतकी मेहनत घेतलेली वस्तू अशी नाजूक का ठेवली, हा प्रश्न मला तेव्हाही पडला आणि आजही पडतो.

काळ्या दारूबद्दल दोन शब्द इथेच सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. पंचाहत्तर टक्के सोरा, पंधरा टक्के कोळसा, दहा टक्के गंधक. इंग्रजांच्या वॉल्थम ॲबीच्या सरकारी कारखान्यातला सोरा आपल्याकडूनच जायचा. बिहारच्या खाऱ्या मातीतून काढलेला कच्चा सोरा तिथे शुद्ध करत. ही दारू जळाली की निम्म्याहून जास्त वजन घन रूपातच उरतं. काही धूर म्हणून उडतं, काही नळीत काजळी म्हणून बसतं. ही काजळी क्षारांची असल्याने हवेतली ओल धरते, म्हणून बंदूक त्याच दिवशी उकळत्या पाण्याने धुवायची पद्धत होती. कोरड्या उन्हात उलटं होतं. काजळी खडखडीत वाळते, कोठीत दगडासारखी बसते आणि पुढचं काडतूस घट्ट जातं.

आता सगळं एकत्र आणा. तापलेली नळी, वाळलेली काजळी, मानेपाशी चुण्या पडलेली पत्र्याची सुरळी. बार उडाला. शिपाई खालचा दांडा दाबतो, ठोकळी खाली पडते आणि काढणीच्या आकड्याला झटका देते, आकडा बुडाची लोखंडी चकती मागे ओढतो. चकती येते, सुरळी आतच राहते. आता गज घालून ती ढकलायची किंवा चाकूने खरवडायची, समोर शत्रू असताना. स्नायडरमध्ये शिपाई हाताने हलकेच मागे ओढत असे. मार्टिनीचा आकडा एकच तोकडा झटका देतो, निघालं तर निघालं.

दक्षिण आफ्रिकेतल्या १८७९ च्या झुलू युद्धातल्या दोन लढाया जगभर सांगतात: २२ जानेवारीला इसांडल्वाना इथे इंग्रजांची अख्खी छावणी कापली गेली, आणि त्याच संध्याकाळपासून दुसऱ्या दिवशी पहाटेपर्यंत रोर्क्स ड्रिफ्टवर दीडशेच्या आसपास माणसांनी हजारोंना थोपवलं. इसांडल्वानाबद्दल एक आख्यायिका तुम्हीही ऐकली असेल: दारूगोळ्याच्या पेट्यांचे स्क्रू उघडेनात म्हणून पराभव झाला. माझा त्यावर विश्वास नाही. ६०० काडतुसांच्या त्या पेटीचं सरकतं झाकण एकाच स्क्रूवर असायचं. बंदुकीच्या दस्त्याचा ठोसा घातला की ते निघतं, आणि रणांगणावर वाकलेले स्क्रू सापडलेही आहेत. पराभव झाला तो पसरलेल्या फळीमुळे आणि समोरच्या वीस हजारांमुळे.

रोर्क्स ड्रिफ्टचा हिशेब मात्र बघण्यासारखा आहे. तिथे एका रात्रीत सुमारे २०,००० काडतुसं उडाली. साडेपाच ग्रॅमने गुणा: ११० किलो दारू. त्यातला निम्म्याहून जास्त भाग घन, म्हणजे साठेक किलो धूर आणि काजळी, एका अंगणाएवढ्या जागेत. नळ्या इतक्या तापल्या की हात लावता येईना, काडतुसं अडकू लागली, आणि बंदुकीचा धक्का खाऊन खांदे काळेनिळे पडले. पुढे सैनिक नळीखालच्या लाकडाभोवती कच्चं कातडं शिवून घेऊ लागले, हात भाजू नये म्हणून.

आता आपल्या घराजवळ येऊ. २७ जुलै १८८०, अफगाण युद्ध, कंदाहारजवळ मैवंद. इंग्रजांच्या ब्रिगेडमध्ये ६६ वी गोऱ्यांची पलटण, आणि आपल्या मुंबई फौजेतल्या दोन: पहिली ग्रेनेडियर्स आणि तिसावी, म्हणजे जेकब्ज रायफल्स. ६६ व्या पलटणीकडे मार्टिनी होती. मुंबईच्या दोन्ही पलटणींकडे मात्र अजून स्नायडर. एकाच मैदानावर, एकाच उन्हात, दोन पिढ्यांच्या बंदुका. हे अपघाताने झालेलं नव्हतं. १८५७ नंतर हिंदी शिपायाच्या हातातलं हत्यार गोऱ्या शिपायाच्या हत्यारापेक्षा एक पायरी मागे ठेवायचं, हे धोरणच होतं. गोऱ्यांना मार्टिनी तेव्हा आपल्याला स्नायडर, गोऱ्यांना .३०३ (मार्टिनीनंतरची, आणखी बारीक नळीची बंदूक) तेव्हा आपल्याला मार्टिनी. १८९७ ला सारागढीवर ३६ व्या शीख पलटणीचे एकवीस जण लढले ते मार्टिनी घेऊन, आणि त्याच मोहिमेत गोऱ्या पलटणींच्या हातात .३०३ होती.

मैवंदला ब्रिगेडची साडेनऊशेहून जास्त माणसं पडली. कारण काडतूस नव्हे. अफगाण सेनापती अयुबखानाच्या तोफा जास्त होत्या, माणसं कितीतरी पट होती, आणि पाणी संपलं होतं. पण घरातल्या गोष्टींत 'मैवंद' किंवा 'कंदाहार' असा उल्लेख येत असेल तर तो धागा सोडू नका. दापोलीचा कॅम्प म्हणजे मुंबई फौजेच्या पेन्शनरांचं गाव, तिथे त्या मोहिमेतून परतलेली माणसं राहिली असणार.

बोभाटा झाला तो सुदानात. १७ जानेवारी १८८५, अबू क्लीआ. वाळवंट, उंटांवरची फौज, चौकोनी व्यूह, आणि समोरून महदीचे, म्हणजे तिथल्या बंडाच्या धर्मनेत्याचे, लोक धावून आलेले. मार्टिन्या अडकल्या. नौदलाच्या तुकडीने आणलेली गार्डनर यंत्रबंदूकही अडकली. चौकोन फुटला, काही मिनिटं हातघाई झाली, कर्नल बर्नबी मारला गेला. लंडनच्या वर्तमानपत्रांत वाकणाऱ्या संगिनी आणि अडकणाऱ्या बंदुका यांवर रकानेच्या रकाने भरले. मग त्याच वर्षी ओढीव पितळेचं काडतूस मंजूर झालं.

चीड येते ती याची, की हे उत्तर जगाला आधीच ठाऊक होतं. मार्टिनीसारखीच पीबॉडी-मार्टिनी बंदूक तुर्कांकडे होती. १८७७ ला प्लेव्हनाला त्यांनी तिच्या जोरावर रशियनांना लांबूनच कापून काढलं. यंत्रणा तीच, फरक काडतुसात: तुर्कांचं अमेरिकेत बनलेलं, अखंड पितळेचं. जर्मनांचं १८७१ च्या माउझरचं काडतूसही अखंड पितळेचंच. अमेरिकनांना मात्र त्यांच्या तांब्याच्या मऊ काडतुसाने १८७६ ला मूळ रहिवाशांशी झालेल्या लिटल बिगहॉर्नच्या लढाईत त्रास दिला, जरी तिथल्या उत्खननात खरवडून काढलेल्या काडतुसांचं प्रमाण थोडंच निघालं. वुलिचवाले पत्र्याला का चिकटून राहिले? माझ्या मते स्वस्ताई आणि सवय. चालू असलेला कारखाना बंद करून नव्या प्रेसा बसवायच्या, तर आधी कुणाचा तरी जीव जावा लागतो. मी तपासणीत होतो, हा स्वभाव ओळखीचा आहे.

ओढीव काडतूस म्हणजे काय ते पुण्याच्या तांबट आळीत गेलेल्या माणसाला चटकन कळेल. सत्तर भाग तांबं, तीस भाग जस्त अशा पितळेची जाड चकती घ्यायची. ठोकून तिची वाटी करायची. मग ती साच्यातून दट्ट्याने ओढायची, म्हणजे भिंत पातळ आणि लांब होते. पितळ दाबलं की कडक होतं आणि तसंच पुढे रेटलं तर फाटतं, म्हणून प्रत्येक ओढीनंतर भट्टीत तापवून मऊ करायचं, आम्लात धुवायचं, परत ओढायचं. तांबट हंडा ठोकताना मधेमधे तापवतो ते याच कारणाने. शेवटी बूड दाबून जाड करायचं आणि मान आवळून तिथे पुन्हा एक ताव द्यायचा. असं पितळ बार उडताना फुगतं आणि लगेच स्वतःहून आकसतं. बूड आणि अंग एकच तुकडा, तेव्हा बूड सुटून येण्याची गोष्टच संपली. शिवाय ते पुन्हा भरता येतं. वायव्य सरहद्दीवरच्या पठाणांना याचं महत्त्व सरकारच्या आधी कळलं. मस्कतमार्गे चोरून आलेल्या मार्टिन्यांसाठी रिकामी पितळं गोळा करून भरणं हा तिथला धंदाच झाला.

बॉक्सरचं काय उरलं? त्याची सुरळी गेली, टोपी राहिली. बुडाला मधोमध एक भोक आणि टोपीतच बसवलेली छोटी ऐरण, ही त्याची रचना आज अमेरिकेत सर्रास वापरतात, कारण ती बदलायला सोपी. आणि अमेरिकन बर्डनची टोपी युरोपाने उचलली. दोघांनी अदलाबदल केल्यासारखं.

काळ्या दारूचा शेवट मात्र काडतुसाने नाही, धुराने केला. फ्रेंचांनी १८८६ ला बिनधुराची दारू आणली. इंग्रजांची .३०३ १८८८ ला आली तेव्हा तिच्यात अजून दाबून भरलेली काळी दारूच होती. कॉर्डाइट, म्हणजे इंग्रजांची बिनधुराची दारू, १८९१ ला आलं. मार्टिन्या मग हिंदुस्थानात, नेपाळात, पोलिसांत, संस्थानांत उतरत गेल्या. २००३ ला काठमांडूच्या एका जुन्या शस्त्रागारातून त्यांचा प्रचंड साठा अमेरिकन व्यापाऱ्यांनी विकत घेतला.

परत तुमच्या ट्रंकेकडे. लोखंडी चकती आणि पत्र्याची सुरळी, म्हणजे नमुना १८८५ च्या आधीचा. साठा त्यानंतरही वापरात राहिला असेल, म्हणून साल मी सांगणार नाही. पण एक गोष्ट खटकते. पणजोबा तेव्हा मुंबईच्या देशी पलटणीत असतील तर त्यांच्या खांद्यावर स्नायडर असायला हवी होती, मार्टिनी नाही. म्हणजे एकतर हे काडतूस त्यांनी गोऱ्या पलटणीकडून किंवा मैदानावरून उचललं, किंवा त्यांची नोकरी आपण समजतो त्यापेक्षा बरीच उशिराची. किंवा तुम्हाला दिसलेली 'बाटलीची मान' ही फक्त चेपलेली कड आहे आणि काडतूस स्नायडरचंच आहे.

हे मोजून कळेल. पोलीस येण्याआधी काडतूस आहे तिथेच राहू द्या, शेजारी न खेटता एक पट्टी ठेवा आणि वरून, बाजूने, बुडाकडून असे तीन फोटो काढा. गोळी तोंडापाशी ११ ते १२ मिलिमीटर दिसली तर मार्टिनी. १४ च्या पुढे गेली तर स्नायडर, आणि मग ते पणजोबांचं स्वतःचं असण्याची शक्यता कितीतरी वाढते. फोटोसोबत त्यांच्या पेन्शनच्या कागदावरचा पलटणीचा आकडा आणि सालही पाठवा.